दुसऱ्या कंपनीची गाडी

गोराई कोळीवाडा,
गुरुवार, ५ फेब्रुवारी

चिरंजीव अल्पेश यास,

मंजुळाआईचा पोटभर आशीर्वाद.

इकडे सगळे बरे आहेत. वारा पडलाय, खाडी पेजेसारखी निवांत आहे. करंदी बरी लागते, बोंबील मात्र यंदा मांडवातल्या व्याह्यासारखा रुसून बसलाय. माझा गुडघा बोलतो, पण मी ऐकत नाही. तुझ्या आईचा खोकला कसा आहे? तिला म्हणावं, भांडुपच्या धुळीत बाहेर पडताना तोंडावर पदर घे. सोबत सुकट पाठवते आहे. डब्यात कडुलिंबाचा पाला घातलाय, तो काढून मग भाज. मागच्या खेपेला तू पाल्यासकट भाजली होतीस, आठवतं ना?

फोन सोडून पत्र का, असं मनात येईल. फोनवर तू म्हणतोस, "मीटिंगमध्ये आहे आई, नंतर करतो," आणि तुझं नंतर येईपर्यंत आमची भरती-ओहोटी होऊन जाते. शिवाय फोनवर माझा आवाज बसतो. कागदाला गळा नसतो, ते बरं. सुकट बांधायच्या रद्दीवरची अक्षरं जुळवत वाचायला शिकलेली बाई मी, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाकडे काणाडोळा कर.

तर बातमी अशी, की आम्ही गाडी घेतली. आम्ही सातजणींनी मिळून, पिकअप, पांढरीशुभ्र. आता टोपल्या डोक्यावर घेऊन फेरीबोटीत चढायचं नाही, पलीकडे उतरून रिक्षावाल्याच्या "मावशी, वास येतो" ला तोंड द्यायचं नाही. उत्तनवरून भाईंदर, दहिसर, आणि थेट बोरिवलीच्या बाजारात. रत्नप्रभाच्या सुनेने लायसन काढलंय. गाडी घरी आणली ती अशी, की मागे टोपात पाणी असतं तर हललं नसतं.

गाडी तुझ्या कंपनीची नाही.

हे तुला एव्हाना कळलं असेलच. तुमच्या धंद्यातल्या बातम्या माशीच्या पंखावर बसून जातात. रागावला असशील तर रागाव, पण पत्र शेवटपर्यंत वाच.

आधी गंमत सांगते. तीन कंपन्यांची माणसं आमच्या मागे लागली होती. उभ्या जन्मात आमच्या मागे मांजरांशिवाय कोणी लागलं नव्हतं. प्रत्येकाला वाटे आपण एकटेच आलोय. रत्नप्रभाने काय केलं, तिघांनाही एकाच दिवशी, एकाच वेळी गाडी घेऊन बोलावलं. धक्क्यावर दोन गिऱ्हाइकं समोरासमोर आली की मासळीचा भाव आपोआप चढतो, इथे तो आपोआप उतरणार, असा तिचा हिशेब. तिघे एकमेकांना बघून असे उभे राहिले, जणू एकाच मुलीला बघायला तीन स्थळं आलीत.

एकाने ताडपत्री फुकट म्हटलं, दुसऱ्याने पहिल्या वर्षाच्या सगळ्या सर्व्हिसिंग फुकट म्हटलं. तिसरा टायवाला होता, तो म्हणाला चांदीचं नाणं. रत्नप्रभा म्हणाली, "नाणं काय चाकाला लावू?"

मग आम्ही आमची परीक्षा घेतली. मासळीचे गिल उघडून बघितल्याशिवाय आम्ही मासळी घेत नाही, गाडी कशी घेणार? बर्फाचं खारं पाणी दोन-दोन बादल्या आणलं आणि प्रत्येक गाडीच्या मागच्या हौद्यात ओतायला घेतलं. खारं पाणी जिथे साचतं तिथे लोखंड सडतं, हे आम्हाला होडीच्या खिळ्यांनी शिकवलंय. पाणी कुठून वाहतं, कुठल्या कोपऱ्यात थांबतं ते बघायचं होतं. टायवाला ओरडलाच. "मॅडम, ही डेमोची गाडी आहे. उद्या सांताक्रूझला फर्निचरवाल्याला दाखवायची आहे."

"मग त्यालाच दे," रत्नप्रभा म्हणाली. "आमची मासळी काय सेंट लावून येनार?"

तो गेला. राहिले दोघे. एक तुझ्या शोरूमचा ओजस आणि दुसरा समोरच्या कंपनीचा नितेश. ओजस पोरगा गुणी आहे. दोन्ही बादल्या त्याने स्वतः ओतल्या, पॅन्टचा निकाल लागला तरी हसत होता. पण मी विचारलं, "अल्पेश का नाही आला?" तर चपलेकडे बघायला लागला. म्हणे साहेबांना अंधेरीत काम होतं. आणि लगेच म्हणाला, "साहेबांनी सांगितलंय, तुमच्या गाडीवर बर्फाचा बंद डबा कंपनीकडून फुकट."

कंपनीकडून. अरे, मी आयुष्यभर मासळी विकली. काटा कोण धरतं आणि अंगठा कोणाचा असतो, ते मला कळतं. असा डबा कुठलीच कंपनी फुकट देत नाही. तो तू तुझ्या खिशातून देत होतास.

आता नितेशचं ऐक. ओजस गेल्यावर तो माझ्याच ओट्यावर चहाला बसला. तोंडाचा फाटका, मनाचा साधा. त्याला आपलं नातं ठाऊक नव्हतं. तुमच्या धंद्यात समोरच्याची गाडी पाडून बोलतातच, हा माणूसच पाडायला लागला.

"आई, एक सांगू? त्या शोरूमवर भरोसा नका ठेवू. ओजसचा साहेब आहे ना, अल्पेश, त्याचं लक्ष नाही आता धंद्यात. लग्न करतोय ना तो."

माझ्या हातात बशी होती. म्हटलं, "कोणाशी?"

"तिथेच इन्शुरन्सच्या काउंटरवर असते. गार्गी. पोरगी झकास आहे, यार. पण हा बाबा वर्षभर तिला नुसता थांब म्हणतोय. का, तर म्हणे पहिल्या सासरी सांगायला तोंड होत नाही. तिच्या घरचे आता वैतागलेत. वैशाखापर्यंत हो की नाही सांग, नाहीतर दुसरीकडे बघतो, असं बोललेत. असल्या माणसाची तुम्ही गाडी घेणार? बायको ठरवताना एवढा वेळ, तर स्पेअर पार्ट कधी आणून देईल?"

मी म्हटलं, "नितेश, चहा संपव आधी."

"का, आई?"

"त्याचं पहिलं सासर म्हणजे तू बसलायस तो ओटा."

चहा त्याच्या नाकातून आला रे. उठला, बसला, परत उठला, माझ्या पाया पडला. "आई, मी गेलो. गाडी नका घेऊ, काही नका घेऊ." मी त्याला पाठीवर थोपटून पाणी दिलं आणि जायला सांगितलं. मग दार लोटून घेतलं.

ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? रडले. पण तुला वाटतंय त्या कारणाने नाही. तीन वर्षं तू दिवाळीला मिठाई कुरिअरने पाठवतोस, शिमग्याला येत नाहीस, आणि मी समजत होते की हा उंबरा बघून तुला ती आठवते म्हणून येत नाहीस. आठवण येत असेल तर ओढून आणू नये, म्हणून मी गप्प होते. आणि तू तिकडे माझ्या भीतीने एका चांगल्या पोरीला ताटकळत ठेवलंस. मी एवढी भीतिदायक आहे का रे? चेहरा आहे थोडा मुशी माशासारखा, तो जन्माचाच.

आता जे लिहायला तीन पानं घालवली, ते लिहिते.

हेमांगी. बघ, लिहिलं नाव.

माझी लेक आजारात होती तेव्हा डॉक्टरने तिला मीठ बंद केलं. कोळ्याच्या पोरीला मीठ बंद, म्हणजे माशाला पाणी बंद. ती ताट सरकवायची. मग तू अळणी कालवण करायला शिकलास, आणि तेच अळणी कालवण तिच्यासमोर बसून स्वतः जेवलास. मी म्हटलं, "तू तरी मीठ घे." तर म्हणालास, "आई, एका ताटात दोन चवी नकोत." ती जाईपर्यंत तू या घरात मीठ खाल्लं नाहीस. पोटच्या पोराने केलं असतं की नाही, देव जाणे.

आणि तो वाऱ्याचा दिवस. फेरीबोटी बंद, तिचा श्वास चढलेला, आणि तू शोरूमची डेमो गाडी घेऊन उत्तनच्या रस्त्याने आलास. मागे गादी घातलीस, वर छत्री बांधलीस. गाडीवर दोन्ही बाजूंनी केवढ्या अक्षरात लिहिलं होतं, टेस्ट ड्राइव्ह. तुझा मॅनेजर फोनवर फोन करत होता, आणि तू फोन माझ्या हातात देऊन म्हणालास, "आई, याच्याशी मासळीच्या भावाबद्दल बोला." मी बोललेसुद्धा. आणि हेमांगी गादीवरून त्या श्वासातही हसली. म्हणाली, "आई, मी टेस्ट ड्राइव्हला चालले. गाडी आवडली नाही तर परत येईन."

त्या वेळी आली परत. पुढच्या वेळी नाही आली. पण ती हसत गेली ते तुझ्यामुळे, हे मी कधी तुला तोंडाने म्हटलं नाही. जावयाचे आभार कसे मानतात ते आमच्यात कोणी शिकवत नाही. म्हणून हे कागदावर. तुझे माझ्यावर उपकार आहेत, पोरा, आणि ते मला फेडायचे नाहीत. ते मला असेच ठेवायचेत, लोणच्यासारखे.

आता गाडीचं. दोन्ही गाड्यांत उन्नीस-वीस. तुझी चढाला जोरदार, नितेशची हौद्याला बुटकी, टोपल्या चढवताना आमच्या कमरा वाचतात. पाणी दोन्हींतून चांगलं वाहिलं. तिघींनी तुझ्या गाडीला हात वर केला, तिघींनी नितेशच्या. राहिले मी. सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं की मंजुळा जावयाकडेच झुकणार. मी नितेशच्या गाडीला हात वर केला.

रत्नप्रभा म्हणाली, "घरचा जावई टाकून परक्याची गारी? डोकं खारीत परलं काय गो तुझं?" तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. बर्फ मात्र माझ्याच पेटीतला नेते.

त्यांना मी कमरेचं कारण सांगितलं, ते खरंच आहे. दुसरं कारण तुला सांगते. तुझी गाडी घेतली असती, तर तो डबा घ्यावा लागला असता. तू डबा दिला असतास, आम्ही घेतला असता, आणि तुझ्या मनात आलं असतं की चला, गोराईचं देणं फिटलं, आता आपण मोकळे. मग सर्व्हिसिंगला गाडी तुझ्याकडे आली असती, तू आला नसतास. आणि आलास तरी कंपनीचा माणूस म्हणून आला असतास, हातात पावती घेऊन. मला तो माणूस नको. आता आपल्यात धंदा नाही. आता तू या ओट्यावर आलास, तर फक्त घरी आलास.

आणि यायचं आहे. आपल्या घरात नवी होडी पाण्यात गेली की तिच्या चोचीवर पहिला नारळ जावई फोडतो, तुला माहीत आहे. माझ्या बापाच्या होडीवर माझ्या नवऱ्याने फोडला. आमच्या होडीवर तू फोडलास, आणि करवंटी लागून अंगठा कापून घेतलास, हेमांगीने हळद भरली. ही गाडी आम्हाला होडीच आहे. दोन दिवस अंगणात उभी आहे, कोंबड्या तिच्याखाली झोपतात. सहाजणी माझ्या नावाने बोटं मोडतायत, की नारळ फोड आणि निघू दे. मी म्हटलं, जावई आल्याशिवाय चाक हलायचं नाही.

सोमवारी ये. सोमवारी बाजार थंड असतो, सगळ्या घरी असतात. एकटा येऊ नकोस. गार्गीला घेऊन ये. तिला म्हणावं, सासू नाही, सवतीची आई नाही, एक म्हातारी आहे, तिला तुझं तोंड बघायचं आहे. तिच्या घरच्यांना मी येऊन भेटते. तिकडे यायला आता आमच्याकडे गाडी आहे. मुलाकडची बाजू मी मांडली तर तुझ्या आईला चालेल ना? तिलाही विचार.

रंगारी रोज विचारतो, गाडीच्या कपाळावर नाव काय लिहू. सगळ्या म्हणाल्या, हेमांगी लिही. मी नको म्हटलं. त्या नावाखाली उभं राहून नारळ फोडणं तुम्हा दोघांना जड जाईल, आणि येणाऱ्या पोरीने पहिल्याच पावलाला दुसरीचं नाव का वाचावं? ते नाव माझ्याजवळ आहे, तुझ्याजवळ आहे, गाडीवर नसलं तरी चालेल. कपाळ कोरं ठेवलंय. नाव गार्गीने सांगावं. फक्त फार इंग्रजी नको म्हणावं, रंगाऱ्याचा हात मराठी आहे.

हे पत्र आणि सुकटीचा डबा मी नितेशच्याच हाती देते आहे. तुझं शोरूम त्याच्या वाटेवर आहे. समोरच्या कंपनीत पाय ठेवायला तो लाजत होता, मी म्हटलं, बोललास ना तोंड उघडून, मग आता नेऊन दे. त्याला चहा पाज. त्याला शिव्या घालू नकोस, त्याच्यामुळे मला माझा मुलगा सापडला.

कालवण करून ठेवते. मीठ घालून.

नारळ सोलून, शेंडी ठेवून, गाडीच्या पुढ्यात बसलेली,
तुझी आई
मंजुळा