उभी न राहणारी बाहुली

मद्रास, दसरा, १९८४

मीनाक्षीची बाहुली डोळ्यांपुढून हलत नाही.

शाळा सुटल्यावर आमच्या मैलापूरच्या वर्गात येणाऱ्या मुलांनी नवरात्रासाठी मातीच्या बाहुल्या केल्या, आणि माझ्यासोबत शिकवणाऱ्या कमलाबाईंनी पायऱ्या लावून त्यांचा कोलू मांडला. सहा वर्षांच्या मीनाक्षीची तेवढी उभी राहीना. मी ती कपाटात ठेवून दिली. पुण्याहून आलेली मी. मला मांडणी नीटनेटकी हवी होती. पोरगी नऊ दिवस पायऱ्यांकडे फिरकली नाही. मला दिसत नव्हतं का? दिसत होतं.

आज संध्याकाळी कोलू आवरायचा होता. इथे आधी एक बाहुली निजवतात, मग बाकीच्या उचलतात. निजवायला म्हणून मुलं राजाराणीच्या बाहुल्यांकडे बोट दाखवत होती. तंजावरच्या कमलाबाईंनी मला न विचारता कपाट उघडलं.

"ही नऊ दिवस निजायचा सराव करत होती," म्हणाल्या. "हिच्याइतकं कोणाला जमणार?"

मीनाक्षीने बाहुली स्वतः पायरीवर निजवली, खिशातला रुमाल पांघरला आणि सगळ्यांना गप्प राहायला सांगितलं.

कमलाबाई मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.