रांजणामागे राहिलेला पेला

ती. हणमंतराव दाजी यांस,

लातूरहून सिद्रामप्पाचा, गुडघ्यांना परवडेल इतका वाकून, नमस्कार. इकडे सगळे खुशाल. तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं, पण डोळ्यावरची हिरवी पट्टी तुम्ही सारखी वर करून बघता, असं अक्काने कळवलं. करू नका. मुदखेडात बघण्यासारखं जे काही आहे ते महिनाभराने पण तिथंच असणार. हे पत्र अक्काच तुम्हाला वाचून दाखवणार, म्हणून तिला विनंती की कंसातला मजकूर तिने मनातल्या मनात वाचावा आणि विसरून जावा. फोन का केला नाही म्हणाल, तर तुम्ही फोन स्पीकरवर टाकून अंगणात बसता आणि मी इथं शिंकलो तरी तुमचे शेजारी तब्येत विचारतात. भावकीच्या ग्रुपवर लिहावं तर तिथं तुमचे धाकटे बंधू किशनराव आहेत, त्यांच्या मंडळी केवळाबाई आहेत, आणि जिच्याबद्दल लिहायचं ती त्यांची लेक ऋतुजाही आहे. तेव्हा पत्रच बरं.

तुम्ही मला पाठवलं होतं एका निकालासाठी. बिलोलीकडच्या तुमच्या सामाईक रानात ऋतुजाने वाईनच्या द्राक्षांचा मळा लावला (किशनराव वाईन हा शब्द उच्चारत नाहीत, 'ते' म्हणतात), गेल्या फाल्गुनात पहिली द्राक्षं उतरली, तिनेच शेडमधल्या टाकीत ती आंबवली, आणि आता पहिली लाल वाईन बाटल्यांत भरून ठेवली आहे. माल चांगला निघाला तर वेली ठेवायच्या, नाहीतर उन्हाळ्यात उपटून सोयाबीन, असं किशनरावांचं म्हणणं. पण किशनरावांच्या गळ्यात माळ आणि तुमच्या डोळ्यावर पट्टी. मग तुम्ही दोघा भावांनी ठरवलं की सिद्रामप्पाला पाठवू, तो आडत्या आहे, तुरीचा दाणा दाताखाली धरून कुठल्या शिवारातला ते सांगतो, त्याची जीभ फसत नाही. हे ऐकून मला इतकं बरं वाटलं की मी वाईन जन्मात चाखलेली नाही हे सांगायचं राहूनच गेलं. (हैदराबादला एका लग्नात बिअर चाखली होती. अक्का, तू हे वाचलेलं नाहीस.)

निघायच्या दिवशी सकाळी आमच्या आडतीशेजारचे हनीफभाई अत्तरवाले भेटले. त्यांना वाईन चाखायला चाललोय हे सांगायला जीभ रेटेना, म्हणून पाहुणा म्हणून चाललोय एवढंच म्हणालो. तर त्या माणसाने मोठ्या प्रेमाने माझ्या मनगटांना, कानामागे आणि कॉलरला गुलाब लावला, आणि वर कानात फाया खोचून दिला. तसाच दरवळत मी एसटीत बसलो. शेजारची बाई उठून दुसरीकडे गेली, त्यामुळे खिडकी मिळाली.

रानात हुरड्याचा बेत होता. आगटी पेटलेली, किशनराव कणसं भाजून तळहातावर चोळून देत होते, केवळाबाईंनी लसणाची चटणी, गूळ, दही मांडलं होतं. शेडच्या भिंतीवर ऋतुजाने सरकारी परवाना काच लावून टांगलाय, आईवडिलांच्या लग्नाच्या फोटोशेजारी. तिने नाशिकहून आणलेल्या उंच दांड्याच्या काचेच्या पेल्यात थोडी वाईन ओतली आणि गोल फिरवून वास घ्या म्हणाली. मी सुपात तूर घोळवायच्या सवयीने फिरवली, निम्मी धोतरावर गेली. उरलेलीत नाक घातलं आणि चार माणसांत बोलतो तशा आवाजात जाहीर केलं, "गुलाब!" पोरीचा चेहरा असा उजळला की काय सांगू. तिने स्वतःच्या पेल्याचा वास घेतला, पुन्हा घेतला, मग हळूच वाकून माझ्या कॉलरचा घेतला. "मामा," ती बापाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाली, "गुलाब तुमच्यात हाय."

मग चव. तोवर मी लसणाची चटणी बऱ्यापैकी चेपली होती, हे लक्षात ठेवा. पहिला घोट आंबट, त्यामागून असा तुरट की जीभ टाळूला चिकटली, कच्ची सुपारी चावल्यासारखी. ऋतुजा म्हणाली, गिळू नका मामा, चाखणारे लोक थुंकतात. मी थुंकलो. आता दाजी, केवळाबाईंनी ती जागा पहाटे उठून सारवली होती, आणि तुमच्या घरात वाढलेलं पाहुण्याने थुंकल्याचं आजवर कुणी बघितलेलं नाही. त्यांनी तोंडाला पदर लावला. "इतकं वंगाळ झालंय का वो?" असं त्यांनी ज्या आवाजात विचारलं, त्यानंतर थुंकायची माझी काय टाप. पुढचं सगळं गिळलं. (तीन वेळा. तिसऱ्यानंतर मी किशनरावांच्या बैलाला तुरीच्या बाजारभावाबद्दल बरंच काही सांगितलं म्हणे.) त्याच गडबडीत काचेचा पेला माझ्या हातून बाजेवर ठेवताना फुटला. मग केवळाबाईंनी चौथी खेप स्टीलच्या पेल्यात काठोकाठ भरून दिली. पिववेना, टाकवेना. कुणाचं लक्ष नाही बघून पेला रांजणामागे सरकवून दिला.

आता खरी गोष्ट. पाहुण्याने तोंडावर नावं ठेवायची नाहीत, म्हणून मी तोंडाने झक्कास, फक्कड असं म्हणतच होतो. पण किशनरावांना खरा निकाल हवा होता. तो कसा घ्यायचा हे आम्ही बांधावरच ठरवलं होतं: बाजारात बोटं धरून गुपचूप भाव ठरवायच्या आमच्या जुन्या रिवाजाने, रुमालाखाली. मी मांडीवर रुमाल पसरणार, ते खाली हात घालणार. पाचही बोटं धरली तर वेली ठेवा, एकच धरलं तर उपटा. बायकापोरांना कळायचं नाही, पोरीचं मन दुखायचं नाही. मी रुमाल पसरला, डोळे मिटले (चव आठवताना मिटतो, सवय आहे), रुमालाखाली हात आला आणि मी एक बोट धरलं. घट्ट धरलं. बोटाला छाटणीच्या कात्रीचा घट्टा होता. तो किशनरावांचाच, असं मी समजलो. मग मनगटाला घड्याळाचा रबरी पट्टा लागला. किशनराव घड्याळ घालत नाहीत. डोळे उघडून बघतो तर ते तिकडे आगटीपाशी कणसं उलटवत होते आणि त्यांच्या जागेवर ऋतुजा बसली होती. लहानपणी बापाचं बोट धरून बैलबाजारात फिरलेली पोर, तिला रुमाल कळत नाही असं आम्ही दोघा शहाण्यांनी कशावरून ठरवलं होतं कोण जाणे.

तिने हात काढून घेतला नाही. "एकच, मामा?" एवढंच म्हणाली. मला इतकी लाज वाटली की रुमालाची घडी करायच्या निमित्ताने मी मान खाली घातली. तिला गप्प बसता आलं असतं, पाच म्हणून सांगता आलं असतं. पण ती उठून बापाजवळ गेली आणि म्हणाली, "बाबा, मामांनी एक बोट धरलं." किशनराव "बरं" म्हणाले. वेलींकडे बघितलं आणि पुन्हा "बरं" म्हणाले. केवळाबाई माझ्यासाठी हुरडा बांधायला लागल्या.

दिवस कलताना मी निघालो. पिशवी उचलली तर केवळाबाई तो रांजणामागचा पेला घेऊन समोर उभ्या. त्यांना तो दुपारीच सापडला होता, वर ताटली झाकून तिथंच ठेवला होता. "मामा, तुमचं ऱ्हायलंय. पोरीनं केलंय, टाकून जाऊ नका." तुमच्या घरची रीत तुम्हाला ठाऊक आहे, पानात टाकलेलं चालत नाही. काढा प्यावा तसा उभ्याउभ्या संपवू म्हणून तोंडाला लावला. आणि दाजी, मी रांजणाला टेकून उभा राहिलो. तो तुरटपणा होता, पण आता तो भांडत नव्हता. मीठ लावून ठेवलेल्या जांभळाची चव आली, आगटीच्या धुरासारखं काहीतरी आलं, आणि घोट गेल्यावरही बराच वेळ तोंडात कुणीतरी बसून राहिल्यासारखं वाटलं. तोवर गुलाब उडाला होता, लसूणही. पहिल्यांदा मी फक्त तेच चाखत होतो जे त्या पेल्यात होतं.

ऋतुजा शेडला कुलूप लावत होती. विचारलं, ही दुसरी बाटली का? "तीच," म्हणाली. "वारं लागलं तिला. कवळी हाय, मामा. बाटलीत वरीसभर ऱ्हायली की अजून बसंल." मग दुपारीच का नाही सांगितलंस, असं मी ओरडलोच तिच्यावर. तर म्हणाली, "सांगितलं असतं तर तुम्ही माझ्या तोंडानं चव घेतली असती. मला तुमच्या तोंडानं पायजे होती."

मी तसाच किशनरावांकडे गेलो, म्हटलं बोट परत घेतो. त्यांनी शांतपणे सांगितलं, "सिद्रामप्पा, रुमालातून हात निघाला की सौदा झाला. तुम्हीच सांगता न्हवं का समद्यांला?" सांगतो. जन्मभर सांगत आलो. परत येताना एसटीत हेच डोक्यात होतं. माणूस वर्षभर राबून माल आणतो, मी एक दाणा चावतो आणि त्याच्या वर्षाचा निकाल लावून चहाला जातो. तुरीचं एक वेळ ठीक आहे, ती वाळून आलेली असते. पण हिचं अजून व्हायचंच आहे, आणि व्हायच्या आधीच मी तिला पुरती झालेली धरलं. मला त्या पोरीचं वाईट वाटतं आणि स्वतःच्या जिभेचा राग येतो, एवढं सरळ लिहितो.

तर निकाल: आजची वाईन आज पिण्याजोगी नाही. वेली उपटण्याजोग्या तर मुळीच नाहीत. अक्काला नमस्कार. पट्टीला हात लावू नका.

तुमचा,
सिद्रामप्पा

ता. क. – सोबत एक बाटली पाठवतोय. जुन्या धोतरात गुंडाळली आहे (तेच धोतर, डाग बघून घ्या). पुढच्या हुरड्यापर्यंत आडवी, अंधारात ठेवा. अक्का, ती खोकल्याची नाही.

ता. क. २ – तुम्हाला ओळखून आहे, पत्राआधी बाटलीच उघडली असणार. असो. मग निदान एक पेला भरून, झाकून, रांजणामागे ठेवा आणि संध्याकाळपर्यंत तिकडे फिरकू नका.

ता. क. ३ – मुख्य सांगायचं राहिलं. माझा सौदा झाला, पण रान तुमच्याही नावावर आहे. येत्या रविवारी किशनराव ऋतुजाला घेऊन तुमचा डोळा बघायला येतायत. डोळा हे निमित्त. ते तुमच्या शेजारी बसतील आणि रुमाल पसरतील. पट्टी असली तरी हाताने कळतं. घड्याळाचा पट्टा लागतोय का तेवढा चाचपून बघा. आणि हात कुणाचाही निघाला तरी दाजी, पाचही बोटं धरा.