कासवावरची बंदी

नाशिक, रविवार, सायंकाळ.

कॉलनीतील मुलांच्या व्हिडिओ गेम स्पर्धेचे नियम मीच लिहिले. गेममधल्या राक्षसांच्या झुंजी समतोल व्हाव्यात, म्हणून माझी नात मुक्ता हिच्या कासव-राक्षसावर बंदी घातली: ‘अतिबलवान असल्याने वर्ज्य.’ समतोल म्हणे! इतर मुले त्या कासवाला सहज हरवत. आठवडाभर ते केवळ मलाच हरवीत होते, आणि हे मला ठाऊक नव्हते काय?

“आजोबा, भाषा भारीये,” एवढेच ती म्हणाली. दोन वर्षे गेममध्ये वाढवलेले कासव तिने आपल्या राक्षसांच्या संघातून काढले आणि आज पहिल्याच फेरीत हरली. घरी येऊन माझ्या शेजारी बसली.

“चला, आपण खेळू. कासव नाही घेत मी.”

मी खेळलो. जिंकलोही.