मुकी आई आणि गुरुवारचे साहेब

ती. मावशीस,

तुझ्या भाच्याचा वाकून नमस्कार (कंबर परवानगी देते तेवढाच). तुझे गुडघे आता जिना चढू देतात ना? आम्ही सगळे धडधाकट आहोत आणि अजून त्याच दोन खोल्यांत आहोत, हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं तू शांतपणे ऐकशील. पत्र सरकारी भाषेत आहे, काका तुला आपल्या भाषेत सांगतीलच. ते पोस्टात न टाकता ट्रकवाल्या भाऊजींच्या हाती का दिलं, तेही कळेल.

गेल्या वर्षी नियम निघाला, की कारखान्याच्या वसाहतीत राहायचं तर घरातल्या प्रत्येकाने सरकारी भाषेची तोंडी परीक्षा द्यायची. एक जरी नापास झाला तरी सगळ्या घराने खोल्या खाली करायच्या. मला स्वतःची काळजी नव्हती. सहाव्या वर्षी मला सरकारने वसतिगृहात नेलं ते दहा वर्षांनी परत सोडलं, तोवर मी झोपेतसुद्धा सरकारी भाषेत बडबडत होतो. बायको काठावर पास झाली, मुलं वर्गात पहिली आली. राहिली आई. चमच्याला जन्मभर ज्या नावाने ओळखलं ते या वयात बदलणार नाही, असं तिने सांगून टाकलं. तेव्हा मी (दिवसभर लोखंडी कपाटांना रंग मारून डोक्यात उरते तेवढ्या अकलेने) अर्जात तिच्या नावापुढे 'मुकी' असं लिहिलं. तुझी बहीण, मुकी! शेजारीण म्हणाली, त्यापेक्षा मयत लिहायचं होतं, निभावायला सोपं गेलं असतं.

मुकेपणा सिद्ध व्हायला बारा भेटी लागतात. दर गुरुवारी, माझ्या सुट्टीच्या दिवशी, तीन वाजता एक तपासनीस यायचे, ओली छत्री नेमकी माझ्या चपलांवर ठेवायचे आणि आईसमोर स्टूल ओढून बसायचे. नियमाप्रमाणे अचानक थाळी आपटायचे. आई ढिम्म. (बायको मात्र दचकून आपल्या भाषेत काहीतरी ओरडली, तिचे दोन गुण कापले, नशिबाने तेवढेच वर होते.) आपली माणसं भाजली, ठेचकाळली, चिडली की तोंडून काय निसटतं, त्याची सरकारने तीनशे चाळीस शब्दांची एक पुस्तिका छापली आहे. ती साहेबांना तोंडपाठ. आईने चुकून प्रत्युत्तर द्यावं म्हणून ते एकेक शब्द तिच्या तोंडावर म्हणून बघायचे. दहा गुरुवार आईने गिळले. मला वाटलं, गंगेत घोडं न्हालं.

अकराव्या गुरुवारी साहेब शिव्यांच्या पानावर आले. त्यांनी त्या दुकानातली भावयादी वाचावी तशा वाचल्या. ना राग, ना जोर. हा अपमान आईला सोसला नाही. ती उठली, कमरेवर हात ठेवले आणि त्या शिव्या पहिल्यापासून शेवटपर्यंत, जिचा तिचा मान राखून, साहेबांना देऊन दाखवल्या. बायकोने डोळे मिटले. मी मनातल्या मनात ट्रंक भरायला घेतली.

साहेबांनी पेन्सिल काढली. म्हणाले, "आजी, जरा सावकाश. परत एकदा."

मग म्हणाले, "सात वर्षं हे शब्द पकडत फिरतोय. त्यांच्या पुढचं वाक्य कधी कोणी ऐकवलं नाही. मला बघितलं की सगळे गप्प होतात."

आईला ते किती कळलं कोण जाणे. तिने चहा ठेवला.

अहवालात त्यांनी लिहिलं, की वृद्धा मुकी असल्याची खात्री पटली, परंतु पूर्ण खात्रीसाठी दर गुरुवारी भेट आवश्यक. तेव्हापासून साहेब येतात, आई शिकवते आणि माझी मुलं त्यांच्या शेजारी मांडी घालून बसतात. मावशी, त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही. डोक्यावर छप्पर राहिलं ते त्यांच्यामुळे. आणि सरकारचेही आभारच मानतो. आपल्या भाषेचं छापलेलं एवढं एकच पुस्तक मी पाहिलं, ते त्यांनीच काढलंय.

तुझा भाचा

ता. क. आई मुकी आहे हे भाऊजींनाही बजावून ठेव. त्यांना घोटभर मिळाली की ते गावभर खरं बोलतात.

ता. क. २. खरं काम हे, आणि काकांनी ते तुला एकटीलाच सांगावं. मी रोज कामावर निघालो की आई दारात माझ्या पाठीवर हात ठेवून एक वाक्य म्हणते. परवा साहेबांसमोरच मी जादा पाळीला निघालो, तेव्हा त्यांनी ते ऐकून मला अर्थ विचारला, ते त्यांच्या पुस्तिकेत नाही. मी काहीतरी ठोकून दिलं. वसतिगृहातून आल्यापासून बावीस वर्षं मी त्या वाक्याला नुसती मान हलवतोय, मावशी. आता तिला कोणत्या तोंडाने विचारू? ऐकू येतं तसं सोबतच्या चिठ्ठीवर उतरवलंय. अर्थ कळव. आणि ते ऐकून मुलाने उलट काय म्हणायचं असतं, तेही लिही.