अर्धी ट्यूब

४ ऑगस्ट
इराच्या मांडीवरचं गजकर्ण परत आलं. जूनमध्ये रुपयाएवढं होतं, आता तळहाताएवढं. सहा वर्षांची पोर, खाजवून रक्त काढते. आणि आमचे हे म्हणतात, "तीच ट्यूब आण ना, मागे चार दिवसांत गेलं होतं." गेलं असतं तर परत आलं असतं का? तरी आणलीच मी. शहाणी!

५ ऑगस्ट
हाफ डे टाकला. अरेरा कॉलनीत त्वचेच्या डॉक्टरीणबाई. ट्यूब बघून, "ये किसने लिखी?" कुणीच नाही. मेडिकलवाल्यानं दिली. तिच्यात स्टेरॉइड. खाज दबते, लाली जाते, बुरशी आत मजेत पसरते. लहान बाळांना तर मुळीच नको, अंगात भिनतं म्हणाल्या. आता नुसतं बुरशीचं मलम, डाग गेल्यावरही दोन आठवडे. घरात अजून कुणाला? यांच्या कमरेला. टॉवेल एकच. लाज वाटली.

६ ऑगस्ट
मेडिकलवाल्याशी कचाकचा भांडले. तो शांतपणे, "भाभीजी, आपने ही तो बोला था, तेज़ वाली देना." बोलले होते. म्हणून जास्तच भांडले.

८ ऑगस्ट
चौघांचे चार टॉवेल. सासूबाई, "आपण काय लॉजवर राहतो?" यांना डॉक्टरकडे जायला वेळ नाही, मॅचला आहे. डोकं फिरलंय.
नवी आणलेली स्टेरॉइडवाली ट्यूब कचऱ्यात. जूनमधली अर्धी उरलेली कुठे गेली? सगळे खण उपसले.

रात्री आठवलं. समोरच्या क्वार्टरमधली वैशाली. तिनं वाटीतून खीर पाठवली होती. वाटी रिकामी कशी परत करायची, म्हणून साखर घातली, आणि वर ती ट्यूब. तिच्या आठ महिन्यांच्या अनयला लंगोटाच्या जागी लाल झालं होतं. मीच म्हणाले होते, "लाव गं बिनधास्त, जादू आहे."

९ ऑगस्ट
वैशालीकडे कुलूप. माहेरी नागपूरला गेलीय. फोन लावला.
"ताई, खरंच जादू! बंद केलं की येतं, म्हणून रोजच लावते. संपली, तर इथून दोन घेतल्या."
सांगितलं सगळं. नीट सांगायला हवं होतं, मी ओरडले.
"पण ताई, तुम्हीच तर दिली ना?"
फोन ठेवला तिनं. त्यानंतर पाच वेळा लावला. उचलत नाही. ट्यूबचा फोटो पाठवला, खाली लिहिलं: चूक माझी, आता लावू नकोस, आजच बाळाला डॉक्टरला दाखव.
निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही.
तिनं मागाहून पाठवलेली दुसरी वाटी अजून माझ्याकडे आहे.