एक देऊन चार

वेरेस्की, सस्कॅचेवन

मॅक्रे साहेब, हॉकी संघाचे व्यवस्थापक, यांना सप्रेम नमस्कार.

तुमच्या सौद्यात संघाला मिळालं ते असं: एक बचावपटू, एक गोलरक्षक आणि पुढच्या दोन हंगामांत नवी मुलं निवडायचे दोन हक्क. त्यापायी गेला एकटा ब्रेडन, सगळ्यांत जास्त गोल करणारा. संघाने त्याला आमच्या घरी राहायला ठेवलं होतं.

आमचे हे खूश आहेत. "ओलेना, एक देऊन चार आले! बाजारात बटाटे तरी असे मिळतात का तुला?"

नाही मिळत. पण बटाट्यांना कुणी भरल्या ताटावरून उठवत नाही. नाताळच्या आदल्या संध्याकाळी पहिली चांदणी दिसली, प्रार्थना झाली, ब्रेडनने गव्हा-मधाच्या खिरीचा पहिला घास घेतला आणि तुमचा फोन आला. "मावशी, ताट उचलू नकोस," म्हणाला आणि बॅग भरायला गेला. शाळेची शेवटची परीक्षाही राहिली त्याची. कप जिंकायची एवढी घाई?

दुसऱ्या दिवशी त्याच खोलीत गोलरक्षक कोल्टन आला. चांगला मुलगा आहे, जेवणाआधी हात जोडतो. पण अजून बॅगेतूनच कपडे काढून घालतो.

"बॅग रिकामी का करत नाहीस रे?"

"हे तिसरं घर, काकू. रिकामी केली की फोन येतो."

हे पत्र टाकलं तर तुम्ही यालाही हलवाल, म्हणून ते बायबलातच राहील. तरी विचारते: त्याचे कपडे मी कपाटात लावू का? उलट टपाली कळवावं.

आपली,
ओलेना हावरिलुक