नळीपाशी बोलायचं नाही

सोमवार, ३
साठ मुलं एका सुरात कविता म्हणायची, तेव्हा शाळेचा पत्रा हलकासा घुमायचा. आज सांडपाणी प्रकल्पात पाऊल टाकलं आणि तोच आवाज कानी आला. टाकीत हवा सोडणारी यंत्रं ती. पण मी क्षणभर तिसऱ्या बाकावर जाऊन बसलो.

निवृत्त इंजिनियरचीही कुणाला आठवण होते, याचं अप्रूप वाटतं. इथला गाळ फुगलाय. कापसासारखा तरंगतो, तळाशी बसत नाही आणि थेट नदीत जातो. खालचं गाव त्याच नदीचं पाणी पितं. माझी लेक तिथेच राहते. नातीला पंधरा दिवस जुलाब होताहेत. म्हणून लगेच हो म्हटलं. राहायला आवारातच एक खोली दिलीय.

रोज सकाळी लिटरभराच्या काचेच्या नळीत टाकीतलं पाणी घ्यायचं, अर्धा तास हात लावायचा नाही, मग गाळ कुठवर बसला ते वाचायचं. आज नऊशे मिलिलिटरच्या खाली उतरला नाही. इथला जुना मिस्त्री म्हणाला, त्या अर्ध्या तासात नळीपाशी बोलायचं नाही. आधीचे साहेब बोलायचे. मी म्हटलं, गाळाला कान असतात हे आमच्या पुस्तकात नव्हतं बुवा. तो हसला नाही.

बुधवार, ५
हवा वाढवून पाहिली. साडेआठशे. बसल्या बसल्या चौथीतली नावाड्याची कविता गुणगुणलो आणि गाळ झरझर खाली गेला. तीनशे! वरचं पाणी इतकं नितळ की नळीपलीकडचं कॅलेंडर वाचता आलं. दुपारपर्यंत मोठी टाकीही निवळली.

गुरुवार, ६
सकाळी पुन्हा सातशे. नावाड्याची कविता म्हणायला गेलो तर पहिली ओळसुद्धा आठवेना. साठ वर्षं तोंडपाठ होती. दुसरी म्हटली. गाळ बसला. तीही गेली.
आधीचे साहेब कुठे असतात, विचारलं. घरीच, मिस्त्री म्हणाला. बायको भरवते. तिला ते मावशी म्हणतात.
लेकीचा फोन. नातीचे जुलाब कमी आहेत.

मंगळवार, ११
कविता संपल्या. आज शाळाच सांगून टाकली, गुरुजींसकट. दोनशे. यंत्रांचा आवाज नुसता यंत्रांचा येतो आता.

शुक्रवार, १४
बायकोचं सांगितलं. लग्नापासून दवाखान्यातल्या शेवटच्या दिवसापर्यंत —
खोलीत एका बाईचा फोटो आहे. चेहरा मायाळू आहे.

शनिवार, १५
नऊशे. मिस्त्रीने हात धरला. म्हणाला, "आजोबा, घरी जा. जाऊ दे तो गाळ." पण खाली ती चिमुरडी पाणी पिते —
उरलंय एकच. लेकीचं. ते नाही सांगायचं. ते —
पंचवीस मिनिटं झाली. हलत नाही.
तिचा पहिला दात. तिची सायकल, मी मागून धरलेली, आणि —

रविवार, १६
शंभर. नितळ.
एवढी धडपड कुणासाठी चाललीय, मिस्त्रीला विचारायला हवं —
दार वाजलं. कुणी बाई आहे, कडेवर लहान मुलगी. धाप लागलीय, तरी हसते आहे. म्हणते, "बाबा, बरी झाली बघा ही. म्हटलं, न कळवताच जाऊ."
घर चुकली असावी बिचारी. सांगतो तिला, इथे कुणी —